मंदावलेले संगणक आणि आम्ही शिकलेला धडा

(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त आयोजित देणगीदार व रुग्णपरिवार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपल्यापुढे जमाखर्चाचे आकडे मांडतो. यंदाचे आकडे अहवालात सविस्तर दिलेले आहेत आणि ते आपण सवडीने वाचालच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक प्रामुख्याने माझी होती. तिचा त्रास आपल्यापैकी काहींना प्रत्यक्ष सोसावा लागला, आणि ती सुधारली नसती तर आपण विश्वासाने दिलेला पैसा चुकीच्या कामी खर्च झाला असता. म्हणून हा हिशेबही आपल्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्याला ठाऊक आहेच की केस पेपर काढण्यापासून डिस्चार्जचे बिल छापण्यापर्यंतचे आपले सारे कामकाज आता संगणकावर चालते. हे संगणक विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असत. या प्रणालीला कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होत्या. पैसे भरून काही काळाची मुदतवाढ घेता येत होती, पण तो कायमचा उपाय नव्हता. विंडोज ११ घ्यावी, तर तिला विशिष्ट सुरक्षा-चिप व अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि आपले बहुतेक संगणक त्या अटीत बसत नव्हते. चालू स्थितीतील यंत्रे केवळ याच कारणासाठी मोडीत काढणे विश्वस्तांना पटेना, आणि ते योग्यच होते. तेव्हा लेखा विभागासाठी विंडोज ११ असलेले दोन नवे संगणक घ्यावेत व उरलेल्या सर्व जुन्या संगणकांवर लिनक्सची डेबियन ही विनामूल्य प्रणाली बसवावी, असा ठराव झाला. आपली रुग्णनोंदणी व क्ष-किरण प्रतिमा ब्राउझरमधूनच पाहता येत असल्याने त्यात अडचण नव्हती.

ठराव योग्य होता. अंमलबजावणीत मात्र मी घाई केली. दिवाळीच्या सुट्टीत ओपीडी बंद असते, तेवढ्यात सगळे संगणक बदलून टाकावेत, असा आदेश मी दिला. आधी दोन संगणकांवर आठवडाभर प्रयोग करावा, अशी सूचना संगणक विभागाकडून आली होती. ती मी मान्य केली नाही. काम वेळेत संपले आणि आम्ही समाधानाने पेढे वाटले.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी, २७ ऑक्टोबरला, ओपीडीला अपेक्षेप्रमाणे गर्दी उसळली. नऊ वाजता पहिला केस पेपर निघाला आणि साडेनऊपर्यंत रांग दरवाजाबाहेर गेली. संगणक सुरू होते, पण प्रत्येक पडदा उघडण्यापूर्वी थबकत होता. वरच्या मजल्यावरची तक्रार अधिक गंभीर होती. एक्स-रे काढून झाला तरी प्रतिमा डॉक्टरांच्या पडद्यावर येईना. निम्मे चित्र दिसे आणि तेथेच अडे. आमच्या मेट्रनबाईंनी कोणाची वाट न पाहता कपाटातून जुने कार्बनचे केस पेपर काढले, परिचारिकांना कामाला लावले आणि दिवस निभावून नेला. त्यांचे ऋण मी येथे जाहीरपणे मान्य करतो.

तरीही व्हायचे ते झालेच. दुपारी डिस्चार्ज मिळालेल्या एका वृद्ध रुग्णाचे अंतिम बिल संध्याकाळ उलटून गेल्यावर हाती पडले. बिल सवलतीचे होते, निर्धन रुग्ण निधीत त्याची नोंद झाल्याशिवाय ते छापता येत नव्हते. त्यांच्या गावाकडे जाणारी मुक्कामाची एसटी तोपर्यंत निघून गेली होती. ते आजोबा आणि त्यांच्या पत्नी यांनी ती रात्र आपल्या व्हरांड्यातील बाकावर काढली. सकाळी मी त्यांची क्षमा मागायला गेलो, तेव्हा आजीबाई म्हणाल्या, "असू द्या साहेब, मशीनचं काय सांगता येतं!" मला त्या क्षमेचे फार ओझे वाटले, कारण दोष यंत्राचा नसून आपला असावा अशी शंका मला येऊ लागली होती.

पुढचे दोन दिवस रुग्णालयात प्रत्येकाकडे या दुखण्याचे निदान तयार होते. बहुसंख्य मत असे, की फुकटची प्रणाली फुकटच्याच लायकीची निघाली. त्याला पुरावाही होता. लेखा विभागातील विंडोजचे दोन नवे संगणक सुरळीत चालत होते आणि लिनक्सचे सगळे अडत होते. याहून स्पष्ट काय हवे? बाहेरून बोलावलेल्या एका पुरवठादाराने पाहणी करून नवा सर्व्हर, नवे संगणक आणि अधिक वेगवान इंटरनेट जोडणी असे काही लाखांचे अंदाजपत्रक दिले. मी ते मंजुरीसाठी विश्वस्तांपुढे ठेवले. हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु ते खरे आहे.

आपल्या कोषाध्यक्षांनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "एक्स-रे तळमजल्यावर निघतो आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसतात. मग मधल्या प्रवासाला इंटरनेट लागते कशाला?" मी निरुत्तर झालो. रुग्णालयाच्या आतील संगणकांना जोडणारे नेटवर्क आणि आपल्याला बाहेरच्या जगाशी जोडणारे इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतला रस्ता खराब असेल तर वेशीबाहेरचा महामार्ग रुंद करून उपयोग नसतो. मी अंदाजपत्रक परत घेतले आणि संगणक विभागातील आमच्या तरुण सहकारी भगिनींना विचारले, की आपल्याला काय हवे? त्या म्हणाल्या, "तीन दिवस, एक वही, आणि कोणी मध्येच काही बदलू नये एवढा आदेश." तो आदेश मी काढला.

त्यांनी जे केले ते मी वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मला समजले तसे सांगतो.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त मनगटावरचे घड्याळ वापरले. प्रत्येक विभागात जाऊन, काही वेळ पडून असलेल्या संगणकावर पहिला पडदा उघडायला किती सेकंद लागतात हे लिहून घेतले. गर्दीच्या वेळी घेतले, रात्री अकरा वाजता घेतले. आकडा जवळजवळ सर्वत्र तोच आला : पाच सेकंद आणि वर थोडेसे. त्या म्हणाल्या, "गर्दीमुळे होणारा उशीर कमीजास्त होतो. जो उशीर दुपारी आणि मध्यरात्री सारखाच असतो, तो संथपणा नव्हे. तेथे यंत्र कोणाच्या तरी उत्तराची ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहत असते."

वाट कोणाची? संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात आणि आपण त्यांना नावाने ओळखतो. नावावरून क्रमांक सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. चौकशीच्या खिडक्यांचे क्रमांक संगणकाला दिलेले असतात. आमच्या लिनक्सच्या मांडणीत संगणक पहिल्या खिडकीवर विचारतो, पाच सेकंद थांबतो, आणि उत्तर आले नाही तर दुसऱ्या खिडकीकडे जातो. आम्ही दिलेली पहिली खिडकी पूर्वीच्या इंटरनेट सेवेची होती. ती सेवा आपण केव्हाच बदलली असल्याने आपल्या प्रश्नांना तेथून उत्तर येणे बंद झाले होते. हा क्रमांक आला कोठून? सर्व्हरच्या खोलीत भिंतीला चिकटवलेल्या एका जुन्या कागदावरून. सेवा बदलली तेव्हा कोणीतरी प्रत्येक संगणकावर जाऊन क्रमांक दुरुस्त केला होता, परंतु भिंतीवरचा कागद तसाच राहिला. दिवाळीत आम्ही दुरुस्त संगणक पुसले आणि चुकीच्या कागदावरून पुन्हा भरले. ती एक ओळ काढून टाकताच पडदे पूर्ववत उघडू लागले. त्या संध्याकाळी केस पेपरची रांग वेळेत संपली.

क्ष-किरण प्रतिमांचे दुखणे मात्र तसेच राहिले, म्हणजे ते दुखणे वेगळे होते. एका रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात, हे रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्याला नवीन नाही. पण यंत्राच्या बाबतीत आपण एकच कारण शोधतो आणि पहिले कारण सापडूनही त्रास थांबला नाही, की निदानच चुकले असे समजतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखा विभागातला विंडोजचा नवा संगणक उचलून वर क्ष-किरण विभागात नेला आणि तेथील केबलला जोडला. तिथला लिनक्सचा संगणक खाली आणून लेखा विभागाच्या केबलला जोडला. आम्ही दहा-बारा जण भोवती उभे होतो. खाली आलेल्या लिनक्सवर एक्स-रे डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच उघडला. वर नेलेल्या कोऱ्या करकरीत विंडोजवर तोच एक्स-रे अर्ध्यात अडला. दोन दिवस 'स्पष्ट' वाटणारा पुरावा पाच मिनिटांत कोसळला. दोष प्रणालीत नव्हता, जागेत होता.

मग त्यांनी आयपर्फ नावाच्या विनामूल्य साधनाने दोन संगणकांमधला वेग मोजला. शंभर मेगाबिटच्या निरोगी जोडणीवर हा आकडा नव्वदीच्या पुढे, साधारण ९४ पर्यंत जातो. वरच्या मजल्यावर तो दोन-तीनच्या पुढे सरकत नव्हता. गंमत अशी, की 'पिंग' म्हणून जी साधी चाचणी सगळे करतात, ती निर्दोष येत होती. एक छोटा संदेश गेला, उत्तर आले, एकही हरवला नाही. आमच्या शास्त्रात सांगायचे तर तेरीज जुळत होती. परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही, हे वाणिज्याच्या पहिल्या वर्षी शिकवतात. काही चुका तेरजेत दिसतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी चूक सापडली. केबलच्या एका टोकाला संगणक असतो आणि दुसऱ्या टोकाला स्विच. या दोघांत बोलण्याच्या दोन पद्धती असतात. एकीत दोघे एकाच वेळी बोलू व ऐकू शकतात, तिला फुल डुप्लेक्स म्हणतात. दुसरीत एकाने बोलताना दुसऱ्याने थांबायचे असते, ती हाफ डुप्लेक्स. १९९५ साली शंभर मेगाबिटचे मानक आले, तेव्हापासून जोडणीच्या क्षणी दोन्ही टोकांनी आपसात बोलणी करून पद्धत ठरवण्याची सोय आहे. पण सुरुवातीच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही बोलणी अनेकदा फिसकटत, म्हणून तंत्रज्ञ दोन्ही टोके हाताने फुल डुप्लेक्सवर पक्की करून ठेवत. क्ष-किरण विभागातील जुना स्विच असाच कोणीतरी पक्का करून ठेवला होता आणि जुन्या संगणकांवरही तशीच सूचना दिली होती. दोन्ही टोके पक्की, म्हणून काम सुरळीत.

दिवाळीत संगणकावरची सूचना पुसली गेली. नवी प्रणाली रीतीप्रमाणे स्विचशी बोलणी करायला गेली, पण हाताने पक्का केलेला स्विच बोलणीच करत नाही. अशा वेळी संगणकाला वेग ओळखता येतो, पद्धत ओळखता येत नाही, आणि मानकाचा नियम सांगतो की शंका असेल तर हाफ डुप्लेक्स धरावे. एका अरुंद पुलाची कल्पना करा. अलीकडचा गाडीवान समजतो की पूल एकेरी आहे, समोरून कोणी आले तर आपण थांबायचे. पलीकडचा समजतो की पूल दुहेरी आहे, आपण बेलाशक जायचे. क्वचित एखादी सायकल गेली तर काहीच होत नाही, म्हणून पिंग निर्दोष. पण उसाच्या गाड्यांची रांग लागली की पुलावर खोळंबा ठरलेला. एक्स-रेची मोठी प्रतिमा हजारो तुकड्यांत जाते. त्यातले तुकडे मध्येच तुटत होते, टाकून दिले जात होते, पुन्हा पाठवले जात होते, आणि प्रत्येक वेळी पाठवणारे यंत्र सावध होऊन वेग आणखी कमी करत होते.

हे आधी का सापडले नाही, तेही सांगतो. केवळ संगणकाची नोंद पाहिली तर तेथे 'टक्कर' असे दिसे, आणि टक्कर म्हणजे गर्दी असे आम्ही समजलो. केवळ स्विचची नोंद पाहिली तर तेथे 'खराब तुकडे' दिसत, आणि खराब तुकडे म्हणजे खराब केबल असे समजून आम्ही केबल बदलली होती. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावरच अर्थ लागला. मी तीस वर्षे दरमहा बँक जुळवणी पत्रक करत आलो आहे. आपले रोख पुस्तक एकटे खरे सांगत नाही आणि बँकेचे पासबुकही एकटे सांगत नाही, दोन्ही समोरासमोर मांडावी लागतात. हे मला ठाऊक होते, फक्त ते येथेही लागू पडते हे सुचले नाही.

उपाय करायला दोन मिनिटे लागली. स्विचलाही बोलणी करण्याची मुभा दिली. दोन्ही टोकांचे एकमत झाले, आकडा ९४ वर गेला आणि एक्स-रे पूर्ववत उघडू लागला. नव्या सर्व्हरची, नव्या संगणकांची आणि अधिक महाग जोडणीची गरज उरली नाही. एक रुपयाही खर्च झाला नाही.

मित्रहो, या दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. जुन्या संगणकांमध्ये अनेक वर्षांच्या दुरुस्त्या साठल्या होत्या. कोणी एके दिवशी अडचण सोडवली आणि तो निघून गेला, दुसऱ्याने दुसरी सोडवली. त्यांतले काहीच कागदावर उतरले नाही, किंवा उतरलेले जुने झाले. आम्ही जुनी प्रणाली पुसली तेव्हा ते न लिहिलेले शहाणपणही पुसून टाकले, आणि नव्या प्रणालीवर आळ घेतला. औषधाचा जुना कागद न पाहता नवे औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांना आपण काय म्हणू? प्रशासक म्हणून मी नेमके तेच केले होते.

म्हणून विश्वस्तांच्या संमतीने आम्ही काही नियम घालून घेतले आहेत. प्रत्येक संगणक व स्विचची एक नोंदवही आहे. कोणतीही दुरुस्ती तारीख, कारण व सहीसह तीत लिहिली जाते आणि भिंतीवर कागद चिकटवण्यास मनाई आहे. कोणताही मोठा बदल आधी दोन संगणकांवर, चालू कामाच्या दिवसांत, किमान आठवडाभर करून पाहिला जाईल. बदलापूर्वीचा वेग मोजून ठेवला जाईल, म्हणजे नंतरची तुलना आठवणीशी न होता आकड्याशी होईल. एका वेळी एकच गोष्ट बदलली जाईल. कारण लेखी सिद्ध झाल्याशिवाय खरेदीचे अंदाजपत्रक विश्वस्तांपुढे येणार नाही. आणि कार्बनचे केस पेपर मेट्रनबाईंच्या कपाटात कायम राहतील. रुग्णाला घरी जाण्यासाठी संगणकाची वाट पाहावी लागू नये, म्हणून सवलतीच्या बिलाची तात्पुरती हस्तलिखित पावती देण्याचे अधिकार आता पाळीवरील लिपिकाला दिले आहेत. त्या वृद्ध दांपत्याची रात्र आम्हाला परत करता येणार नाही, पण तशी रात्र दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये याची काळजी आम्ही घेऊ शकतो.

देणगीदारांना माझी एक नम्र विनंती आहे. आपण यंत्र देता, त्यावर आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीची पाटी लागते, ते उचितच आहे. परंतु यंत्राची देखभाल, त्याची मोजणी, ते सांभाळणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण यांवर पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी निधीही क्वचित येतो. यंदा विश्वस्तांनी देखभाल व प्रशिक्षणासाठी वेगळे खाते उघडले आहे. आपल्या देणगीचा थोडा अंश त्या खात्यात जावा, असे मी सुचवतो. आमच्या सहकारी भगिनींच्या तीन दिवसांनी संस्थेचे किती लाख वाचवले, हे आपण आताच ऐकले.

ती नोंदवही माझ्या कार्यालयात ठेवली आहे. कार्यक्रमानंतर आपण अवश्य येऊन पाहावी. तिच्या पहिल्या पानावर दिवाळीतील आदेशाची तारीख आहे आणि त्याखाली माझी सही आहे.